मेदाचा शोध आणि काविळीचा विषाणू

१८१८ साली पेशवाई बुडून खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली गेला, तेव्हा जमाबंदीच्या आणि बंदोबस्ताच्या कामावर नेमलेल्या साहेबलोकांना भिल्लांच्या तिरकमठ्याची जितकी धास्ती होती, तितकीच पश्चिमेकडच्या रानातल्या हवेचीही होती. नवापूर, तळोदे आणि सातपुड्याच्या कुशीतला अक्राणी महाल हा सारा पट्टा त्या काळच्या सरकारी दप्तरांत रोगट म्हणून बदनाम असून, पावसाळ्याच्या अखेरीस तेथे मुक्काम करणे म्हणजे हिवतापाला आवतण देणे, अशी त्याची ख्याती होती. मैदानी मुलखातून गेलेल्या माणसाला तेथे हुडहुडी भरायला फार दिवस लागत नसत. भिल्ल आणि पावरे मात्र त्याच रानात, त्याच डासांच्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेले होते. बाहेरच्याला हा निव्वळ सवयीचा भाग वाटावा. वस्तुतः त्याचे एक कारण रक्तात दडलेले होते, आणि ते उकलायला १९५४ साल उजाडावे लागले.

ज्यांनी ते उकलले ते अँथनी अ‍ॅलिसन दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले, केनियात वाढलेले आणि ऑक्सफर्डला शिकलेले तरुण वैद्य होते. तांबड्या पेशींना विळ्याचा आकार देणारे हिमोग्लोबिन ज्यांच्या अंगी माता-पित्यांपैकी एकाकडूनच आलेले असते, त्यांना जिवावर बेतणाऱ्या हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आणि ते पडताळून पाहण्यासाठी त्यांनी केनियातल्या लुओ जमातीच्या तीस पुरुषांना, त्यांपैकी निम्मे हा गुण वाहणारे आणि निम्मे न वाहणारे, मुद्दाम हिवतापाची बाधा करविली. गुण नसलेल्या १५ जणांपैकी १४ जणांच्या रक्तात जंतू दिसले. गुण असलेल्या १५ जणांपैकी केवळ दोघांच्या. आजची कोणतीही नीतिसमिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. तथापि विळ्याच्या आकाराचा हा दोष निसर्गाने इतक्या लोकांत का टिकू दिला, या प्रश्नाचे उत्तर त्या तीस माणसांच्या रक्ताने दिले, हेही नाकारता येत नाही.

हिंदुस्थानात या दोषाचा पहिला मागमूस १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत लागला. १९५८ साली नागपूरचे शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलचा, म्हणजे याच विळ्याच्या आकाराच्या दोषाचा, वृत्तान्त 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. पश्चिमेकडे सातपुड्यात मात्र ही गोष्ट बरीच उशिरा पोचली. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित असलेले डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासींचे रक्त तपासण्याचे काम वर्षानुवर्षे केले, त्यासाठी पुढे २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि भिल्ल, पावरा, माडिया, गोंड, परधान या जमातींत दर शंभरांमागे २० ते ३५ माणसे हा गुण वाहतात, ही गोष्ट अशा पाहण्यांतून सिद्ध झाली. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा नव्या जिल्हा कचेरीच्या वाट्याला महसुली दप्तराबरोबर हा वारसाही आला. हिवतापाशी केलेल्या तहाची किंमत अशी की दोन्ही पालकांकडून दोष आला तर मूल आजारी निपजते: सांधे ठणकतात, प्लीहा वाढते, रक्त झपाट्याने उतरते. पश्चिम भारतात या आजाराबरोबर गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुष्कळ टिकून राहत असल्याने त्याचे स्वरूप आफ्रिकेतल्यापेक्षा पुष्कळदा सौम्य असते. पण बाळंतपणात किंवा एखाद्या तापात हिमोग्लोबिन तीन-चारवर आले, की अक्राणीतल्या धडगावच्या माणसाला चांदसैलीचा घाट उतरून नंदुरबार किंवा धुळे गाठावे लागते आणि परक्याच्या रक्ताची बाटली शिरेत चढवून घ्यावी लागते.

आश्रमशाळेत सिकलसेलची प्राथमिक तपासणी ज्या रीतीने होते ती येथे नमूद करण्यासारखी आहे. बोटाला सुई टोचून काढलेला रक्ताचा थेंब सोडियम डायथायोनाइट आणि क्षारांचे द्रावण असलेल्या काचेच्या नळीत सोडतात, थोडा वेळ थांबतात, आणि काळ्या रेघा छापलेला कागद नळीच्या पाठीमागे धरून पाहतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर मूल निर्दोष. नळीतले पाणी गढूळ होऊन रेघा बुजल्या तर दोष आहे असे धरून पुढची विद्युत्‌-पृथक्करणाची चाचणी करावयाची. या सुबक चाचणीला एक खोड आहे. ज्याच्या रक्तात मेदाचे प्रमाण फार असेल त्याची नळी सिकलसेल नसतानाही गढूळ होते आणि रेघा दिसेनाशा होतात. अक्राणीच्या भाकरी-भाजीवर वाढलेल्या पोरांत ही चूक क्वचितच घडावी. परंतु रक्त तपासणाऱ्याच्या कामात मेद असा न बोलावता मध्ये येतो, आणि पुढची सारी हकीकत अशाच एका मध्ये येण्याची आहे.

१९६० च्या उन्हाळ्यात अ‍ॅलिसन अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बारूख ब्लूमबर्ग यांच्याकडे काही काळ गेले. दोघांची ओळख ऑक्सफर्डची. माणसामाणसांत जन्मतःच जे सूक्ष्म फरक असतात ते रक्तद्रवातल्या प्रथिनांतही असले पाहिजेत, हा ब्लूमबर्ग यांचा ध्यास होता, आणि ते फरक हुडकण्यासाठी दोघांनी जी युक्ती योजिली ती विलक्षण साधी होती. ज्या माणसाने अनेकांचे रक्त घेतले आहे, त्याच्या शरीराने त्या परक्या रक्तातल्या अनोळखी प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली असणारच. मग त्याचा रक्तद्रव पारदर्शक आगराच्या चकतीवर मधल्या भोकात घालून भोवतीच्या भोकांत जगभरच्या लोकांचा रक्तद्रव घालावा, आणि दोहोंच्या मध्ये पांढरी रेषा कोठे उमटते ते पाहावे. वारंवार रक्त घेतलेल्या एका पंडुरोग्याच्या रक्तद्रवाने अशी रेषा उमटविली. ती ज्या पदार्थाविरुद्ध होती तो म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कमी घनतेचे मेदप्रथिन, ज्याला आज शहरातला प्रत्येक पन्नाशीचा गृहस्थ एलडीएल या आद्याक्षरांनी ओळखतो. १९६१ साली हा शोध प्रसिद्ध झाला. हिवताप आणि विळ्याच्या पेशी यांचा संबंध जोडणारा माणूस आता रक्तातल्या मेदाच्या मागावर होता.

अ‍ॅलिसन परत गेले. ब्लूमबर्ग यांनी तोच माग पुढे चालविला आणि त्याच संस्थेच्या रक्तपेढीतले हार्वी ऑल्टर त्यांना येऊन मिळाले. एके दिवशी न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तद्रवाने पांढरी रेषा उमटविली ती भोवतालच्या २४ नमुन्यांपैकी एकाच नमुन्याशी, आणि तो नमुना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीचा होता. अशी रेषा उमटली की ती सुदान ब्लॅक या रंगात बुडवावयाची, हा प्रयोगशाळेचा नेम होता. मेदप्रथिन असेल तर ती निळी-काळी होई. ही रेषा जेमतेम रंगली. प्रथिनांसाठीचा अ‍ॅझोकार्मिन रंग दिला, तेव्हा मात्र ती लालभडक झाली. याचा अर्थ ती मेदप्रथिनाची नव्हती, आणि त्या काळी ती कशाची आहे हे सांगणारे कोणी नव्हते. तिला ऑस्ट्रेलिया प्रतिजन असे नाव देऊन १९६५ साली तिचा वृत्तान्त छापला गेला. पुढे दोन-तीन वर्षांत ते 'ब' प्रकारच्या काविळीच्या विषाणूचे बाह्य कवच असल्याचे उमगले, आणि १९७६ साली ब्लूमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेद शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती विषाणू लागला, तो एका रंगाने दगा दिला म्हणून.

ब्लूमबर्ग यांचा आपल्या देशाशी आलेला एक संबंध मराठी वाचकाला गमतीचा वाटेल. पावसाळ्यात बांधावर उगवणारी भुईआवळी कावीळ झालेल्याला वाटून पाजावी, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. मद्रासच्या संशोधकांनी ब्लूमबर्ग यांच्या सहकार्याने तिच्या पुडीचा प्रयोग 'ब' विषाणू दीर्घकाळ बाळगणाऱ्यांवर करून १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये आशादायक निष्कर्ष छापले, आणि आजीबाईच्या बटव्याला क्षणभर नोबेलची झळाळी आली. पुढच्या प्रयोगांत ते निष्कर्ष टिकले नाहीत. असो.

ऑल्टर मात्र पुढे रक्तपेढीच्याच कामात गुंतले, आणि त्यांच्या चिकाटीने पुढची वीस वर्षे भरली आहेत. १९७० च्या आसपास त्यांच्या संस्थेने पैसे घेऊन रक्त विकणाऱ्या दात्यांना मनाई केली आणि 'ब' विषाणूची चाचणी सुरू केली, तेव्हा हृदयशस्त्रक्रियेनंतर रक्त घेतलेल्या रुग्णांत काविळीचे जे प्रमाण शेकडा ३० च्या घरात होते ते १० च्या आसपास उतरले. पण त्याखाली काही केल्या जाईना. उरलेल्या रुग्णांना 'अ' विषाणू असावा असा तर्क होता. १९७५ साली तपासलेल्या २२ रुग्णांपैकी एकातही तो निघाला नाही. मग या काविळीला 'अ नव्हे आणि ब नव्हे' असे नकारात्मक नाव मिळाले, आणि ते चौदा वर्षे टिकले. पुष्कळांना तर डोळे पिवळेही होत नसत. यकृताचा दाह वर्षानुवर्षे मूकपणे चाले आणि वीस-तीस वर्षांनी त्याचे पर्यवसान काठिण्यात किंवा कर्करोगात होई.

हा अदृश्य जंतू पाहता येत नव्हता, वाढविता येत नव्हता. चिंपांझीला टोचून त्याचे अस्तित्व तेवढे सिद्ध करता येत होते. अशा स्थितीत १९८३ साली त्याच्याविषयीची एक खूण हाती आली. दूषित रक्तद्रव क्लोरोफॉर्ममध्ये घुसळून मग चिंपांझीला टोचला असता त्याला आजार होईना. क्लोरोफॉर्म मेद विरघळवितो. तेव्हा जंतूच्या अंगावर मेदाचे आवरण असलेच पाहिजे. त्याचे नाव, रूप, कूळ यांपैकी काहीही ठाऊक नसताना त्याचा अंगरखा कशाचा आहे हे आधी कळावे, यात मला तरी दैवाचा विनोद दिसतो. पुढे कॅलिफोर्नियात कायरॉन या कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी चिंपांझीच्या रक्तद्रवातील जनुकद्रव्याचे तुकडे जिवाणूंत घालून त्यांपासून बनणाऱ्या लक्षावधी प्रथिन-तुकड्यांमध्ये रुग्णाची प्रतिपिंडे कोठे चिकटतात ते शोधले, आणि सात वर्षांच्या परिश्रमांनंतर त्यांतला एक तुकडा जुळला. एप्रिल १९८९ मध्ये 'सायन्स'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. जंतूला 'सी' विषाणू हे नाव मिळाले. आणि ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना त्यासाठी २०२० साली नोबेल मिळाले.

आपल्याकडे रक्त विकण्याचा धंदा त्यानंतरही अनेक वर्षे चालला. रुग्णालयाबाहेर घिरट्या घालणारे व्यावसायिक दाते, त्यांचे दलाल आणि परवाना नसलेल्या रक्तपेढ्या यांविरुद्ध 'कॉमन कॉज' या संस्थेने केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी जो निकाल दिला, त्यानुसार रक्तपेढ्यांना परवाने सक्तीचे झाले, राष्ट्रीय आणि राज्य रक्तसंक्रमण परिषदा निघाल्या आणि दोन वर्षांच्या आत रक्ताची विक्री बंद करण्याचा हुकूम झाला. 'सी' विषाणूची चाचणी प्रत्येक बाटलीला सक्तीची व्हायला मात्र २००१ च्या सुमारास मुहूर्त लागला, म्हणजे विषाणू सापडून बारा वर्षे उलटल्यावर. त्या बारा वर्षांत थॅलसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल यांपायी ज्यांना पुन्हा पुन्हा रक्त घ्यावे लागले, त्यांनी ते चाचणीवाचून घेतले. मेद शोधण्यासाठी ब्लूमबर्ग यांना ज्या प्रकारच्या रुग्णांच्या रक्ताची गरज पडली होती, नेमक्या त्याच रुग्णांवर विषाणूचा घाला पडावा हा योगायोग नव्हता. पुष्कळांचे रक्त घेणे हेच दोहोंचे कारण.

विषाणू सापडल्यावर आता त्याच्याच अंगावर मेद सापडू लागला. १९९२ साली जर्मनीतील ग्यॉटिंगेनच्या संशोधकांना असे आढळले की रुग्णाच्या रक्तात हा विषाणू सुटा फिरत नाही. एलडीएल आणि त्याहून हलक्या मेदप्रथिनांना तो बिलगलेला असतो, आणि त्यामुळे अशा कुळातल्या विषाणूचे जितके वजन असायला हवे त्याहून तो पुष्कळ हलका भरतो. २००२ साली फ्रान्समध्ये लियाँ येथील संशोधकांनी त्या मिश्र कणाला मेद-विषाणू-कण असे नावच दिले: आत विषाणूचे जनुकद्रव्य, भोवती मेद, आणि वर यकृताने स्वतःच्या कामासाठी घडविलेली अ‍ॅपो-बी व अ‍ॅपो-ई ही प्रथिने. दिंडीत टाळ घेऊन शिरलेल्या भामट्याला जसे पोलीस हटकीत नाहीत, तसा हा कण प्रतिपिंडांच्या नजरेतून निसटतो, आणि यकृताच्या पेशी ज्या दारांनी मेद आत घेतात त्याच दारांवाटे, एलडीएलचा ग्राहक आणि कोलेस्टेरॉल शोषणारी आणखी काही प्रथिने यांच्या साह्याने, आत प्रवेश मिळवितो.

आत गेल्यावर तो काय करतो हे कळण्यासाठी २००५ सालापर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी तीव्र यकृतदाहाच्या एका जपानी रुग्णाकडून मिळालेला विषाणू ताकाजी वाकिता यांनी प्रयोगशाळेतल्या पेशींत वाढविण्यात यश मिळविले. मग दिसले ते असे. पेशीत मेदाचे जे सूक्ष्म थेंब साठविलेले असतात त्यांच्या पृष्ठभागावर विषाणूचे गाभा-प्रथिन जाऊन बसते आणि तेथेच नव्या विषाणूंची जुळणी चालते. यकृताचे रोजचे काम असे, की ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल अ‍ॅपो-बी या प्रथिनावर लादून, एमटीपी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या मदतीने त्याची गाठोडी बांधून ती रक्तात रवाना करावयाची. विषाणू ही वाहतूक आपल्या कामाला जुंपतो आणि एमटीपीचे काम मंद करतो. परिणाम दुहेरी: मेद बाहेर पडायचा तो यकृतातच साचतो, आणि रक्तात एलडीएल व एकूण कोलेस्टेरॉल खाली येते. विषाणूच्या अनेक जनुकप्रकारांपैकी तिसऱ्या प्रकारात हे सर्वांत ठळकपणे घडते. त्यात यकृतावर चढणारा मेद हा रुग्णाच्या लठ्ठपणापेक्षा विषाणूच्या संख्येच्या प्रमाणात असतो, आणि कोलेस्टेरॉल घडण्याच्या साखळीतल्या शेवटच्या पायऱ्याही अडखळतात. भारतात जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, तो हाच तिसरा.

याचा व्यवहारातला अर्थ कागदावर पाहावा. लिपिड तपासणीचा अहवाल हाती आला, एकूण कोलेस्टेरॉल ११०, एलडीएल ५० असे आकडे दिसले, की रुग्ण आणि त्याला सल्ला देणारा शेजारी दोघेही हृदयाची काळजी मिटली म्हणून खूश होतात. नंदुरबारच्या डोंगरातल्या माणसाच्या बाबतीत या खालच्या आकड्याला तीन निरनिराळी कारणे असू शकतात. अन्नातला तुटवडा हे पहिले. सिकलसेलचा आजार हे दुसरे: तांबड्या पेशी अल्पायुषी असल्याने अस्थिमज्जेला सतत नव्या पेशी घडवाव्या लागतात, त्यांच्या आवरणासाठी कोलेस्टेरॉल खर्ची पडते, आणि रक्तातला साठा उतरतो, १९७० च्या दशकापासून ही गोष्ट नोंदलेली आहे. आणि ज्याने जुन्या काळी रक्त घेतले, त्याच्या बाबतीत 'सी' विषाणू हे तिसरे. तिन्ही कारणे कागदावर एकसारखीच दिसतात. म्हणून अनेकदा रक्त घेतलेल्या माणसाचा एलडीएलचा आकडा विनाकारण खाली दिसला, तर विषाणूची चाचणी करून घ्यावी, हे माझ्या मते कोणत्याही तेल-तुपाच्या पथ्यापेक्षा अधिक मोलाचे आहे. शिवाय एलडीएल खाली असले तरी हा विषाणू शरीरात इन्सुलिनला अवरोध करतो, मधुमेहाची शक्यता वाढवितो, आणि हृदयाच्या बाबतीत कोलेस्टेरॉलच्या आकड्याने दिलेले अभय त्यामुळे पुरे पडत नाही.

'सी' विषाणूवरील उपचाराच्या इतिहासात २०१३ च्या अखेरीस सोफोस्बुव्हिर हे औषध आले, तेव्हा अमेरिकेत एका गोळीची किंमत एक हजार डॉलर आणि बारा आठवड्यांच्या उपचाराची ८४,००० डॉलर होती. २०१४ साली मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना ते बनविण्याचे परवाने दिले. २०१५ पासून देशी गोळ्या बाजारात येऊन किंमत कोसळली. आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या काविळीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चाचणी आणि औषध सरकारी रुग्णालयांतून फुकट मिळू लागले. पुढे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही जाहीर झाली. दोन्हींची दप्तरे एकमेकांपासून वेगळी असतात. खरे पाहता सातपुड्यातल्या पुन्हा पुन्हा रक्त घेतलेल्या रुग्णाचे नाव दोन्हींत असायला हवे.

बारा आठवडे गोळ्या घेऊन विषाणू गेला की यकृताची अडलेली वाहतूक मोकळी होते, आणि एलडीएल चढू लागते. काहींच्या बाबतीत इतके, की आधी कधी न लागलेली कोलेस्टेरॉलची गोळी आता सुरू करावी लागते. रुग्ण घाबरतो आणि औषध बाधले असे समजतो. ज्याचा विषाणू गेलाच नाही त्याचे एलडीएल खालीच राहते, हे त्याला सांगितले म्हणजे समजूत पटते. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी विषाणू पुन्हा तपासतात, त्याच वेळी मेदाचीही तपासणी करणे म्हणूनच श्रेयस्कर. सिकलसेलच्या रुग्णात मात्र तो आकडा विषाणू गेल्यावरही इतरांइतका वर येईल असे नाही; अस्थिमज्जेची मागणी तशीच चालू असते, आणि तिच्यावर सोफोस्बुव्हिरचा काही इलाज नाही.